जुन्या जीपच्या पुढील चाकांचे अडकलेले ब्रेक

ज्या शेतकरी बंधूंच्या गोठ्याशेजारी अद्यापि जुनी विलिस जातीची जीप उभी आहे, त्यांस तिचे गुण आम्ही सांगावयास नकोत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या दफ्तरी ‘पाव टनी ट्रक’ म्हणून जिची नोंद होती, त्या चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचीच ही संतती होय. तिचे उंच नाकाडाचे सी.जे. ३ बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ पासून १९६८ पर्यंत तयार होत असे. आपल्याकडे महिंद्र कंपनीने ते त्यानंतरही पुष्कळ वर्षे बनविले. चिखलातून भरलेली गाडी बाहेर काढण्यात तिचा हातखंडा आहे. परंतु ओढण्याची शक्ती जितकी महत्त्वाची, तितकीच थांबण्याची शक्तीही महत्त्वाची, इकडे मात्र दुर्लक्ष होते.

जुन्या रचनेत चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरविणारे मास्टर सिलिंडर एकच असते. सबब कोणत्याही एका चाकातील सिलिंडरचे रबर फाटले, तर तेथून तेल गळून पेडल तळाला जाते व चारही चाकांचे ब्रेक एकदम निकामी होतात. हा दोष वेळीच दिसावा म्हणून ब्रेकचा ढोल काढून आत पाहणे अवश्य आहे. पण ढोल निघत नाही म्हणून पुष्कळ लोक ते काम पुढील हंगामावर ढकलतात, अथवा घणाने ठोकून ढोलच फोडतात. ढोल बिडाचा असतो. बारीक तडा गेलेला ढोल उतारावर केव्हा दगा देईल याचा नेम नाही. आमचे स्पष्ट मत असे की, अडकलेला ढोल ठोकून काढावयाचा नसून सोडवून काढावयाचा असतो. तो कशाने धरला आहे ते आधी शोधावे.

प्रथम पूर्वतयारी. गाडी सपाट व कठीण जागी उभी करावी. काळ्या जमिनीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी द्यावी. मागील चाकांस पुढून व मागून दगड लावावेत. या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून मागील चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. त्यामुळे मागचे एक चाक उचलले गेले तर त्याचा काही उपयोग उरत नाही, हे कायम ध्यानात ठेवावे. आस उचलल्यावर त्याखाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नये. पुढील चाकांचा जोर तोडणारा दांडा सोडलेल्या स्थितीत आहे ना, हेही पाहावे. तो जोडलेला राहिला तर उचललेले चाक फिरत नाही व ब्रेकच धरला आहे असा भ्रम होतो.

चाकाचे नट सोडताना बोल्टांची टोके निरखावीत. पुष्कळशा जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांस उलटे आटे असतात व बोल्टाच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ हे अक्षर असते. हे न पाहता पाना रेटल्याने बोल्ट तुटतात.

आता ढोल धरून ठेवणाऱ्या गाठी पाहू. पहिली गाठ शूंची. शूंच्या घर्षणाने ढोल आतून झिजतो व कडेला कंगोरा उरतो. ढोल ओढला की शू त्या कंगोऱ्यास अडतात. मागील पत्र्यावर वरच्या अंगास शू पुढेमागे करणारे दोन खुंट असतात. त्यांचे लॉक-नट ढिले करून, चाक मोकळे फिरेल तोपर्यंत खुंट फिरवावेत. खालच्या बाजूचे खुंट मात्र हलवू नयेत.

दुसरी गाठ तेलाची. रबरी नळी जुनी झाली म्हणजे आतून फुगते. तेल जोराने आत जाते, पण परत येत नाही. अशा वेळी चाकामागील हवा काढण्याचे निपल अर्धा फेरा सोडावे. चार थेंब तेल येऊन चाक मोकळे झाले, तर दोष नळीचा समजून ती बदलावी.

तिसरी गाठ सर्वांत फसवी आहे. बैलगाडीच्या आसाची खीळ काढली की चाक हाती येते. येथे तसे नाही. या गाड्यांत पुढील ढोल चाकाच्या बोल्टांनी हबशी जखडलेला असतो व हबसकटच निघतो. म्हणून टोपी, आसाच्या टोकाची कडी व फ्लँजचे सहा स्क्रू काढून फ्लँज पुलरने ओढावी. मग कुलूप-वॉशरची मुडपलेली कड सरळ करून बाहेरचा नट, वॉशर व आतला नट क्रमाने काढावेत. हे न करता ढोल ठोकणे म्हणजे बेअरिंगच ठोकणे होय. ज्या गाड्यांत ढोल वेगळा असून लहान स्क्रूंनी बसविलेला असतो, तेथे स्क्रू काढून जोडावर गंज सोडविणारे तेल द्यावे, रात्रभर मुरू द्यावे, व बोल्टांच्या मधल्या भागावर लाकडी हातोड्याने फिरत फिरत हलके ठोके द्यावेत. कडेवर ठोकू नये.

ढोल निघताच आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ श्वासातून गेल्यास फुप्फुसांस कर्करोगापर्यंतचे विकार जडतात. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने ती पुसावी. आत ब्रेकच्या तेलाचा ओलावा असेल तर सिलिंडर गळते आहे, ग्रीस असेल तर सील गेले आहे असे समजावे. भिजलेले लायनिंग धुऊन पुन्हा वापरू नये, आणि बदलताना दोन्ही चाकांचे एकदम बदलावे. नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका अंगास ओढली जाते. रबरी भागांस रॉकेल अथवा इंजिनाचे तेल लावू नये, त्याने रबर फुगते.

जोडताना आतला नट चाक अडेपर्यंत आवळून सुमारे एकषष्ठांश फेरा मागे घ्यावा, चाक डगमगत नाही पण मोकळे फिरते अशी खात्री करावी, व वॉशरची कड पुन्हा मुडपावी. ब्रेक जुळवून, तेलातील हवा काढून, रिकाम्या गाडीने मोकळ्या रानात दोनचार वेळा थांबून पाहावे. त्यानंतरच माल भरावा. एक दिवस गाडी उभी राहिली तर बाजाराची एक खेप चुकते, एवढेच; घाटात ब्रेक गेला तर जी हानी होते, ती कोणत्याही पिकाने भरून निघत नाही.