मेडिकल एक्झामिनर आणि मालिकांनी रुजवलेले गैरसमज

समजा, सहा महिन्यांसाठी मुलाकडे शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलेले बाबा एके पहाटे झोपेतच गेले. वय चौऱ्याहत्तर, जुना मधुमेह, पूर्वी कधीतरी झालेली अँजिओप्लास्टी. ९११ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते, पोलीस येतात, आणि थोड्याच वेळात कळतं की ‘मेडिकल एक्झामिनरला कळवलंय’. सुनेच्या पोटात गोळा येतो. आपल्यावर संशय घेताहेत की काय? पुण्याहून फोनवर काका विचारतात, ‘अरे, पोलीस केस कशाला केलीत?’

केस कुणी केलेली नसते. गंमत अशी की कारण बऱ्याचदा अगदी रुक्ष, कागदोपत्री असतं. तिथे नैसर्गिक मृत्यूच्या दाखल्यावर त्या माणसावर उपचार करणारा डॉक्टर सही करतो. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांचा अमेरिकेत असा डॉक्टरच नसतो. सही करायला कोणी नाही म्हटल्यावर मृत्यू आपोआप काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) मेडिकल एक्झामिनरच्या, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या, दप्तरी जातो. अपघात, आत्महत्या, हिंसा, अमली पदार्थ, कोठडीतले आणि कामाच्या जागेवरचे मृत्यू, अचानक आलेले किंवा कारण न कळणारे मृत्यू, हे सगळे तिथेच जातात. बाबा त्या रांगेत उभे राहतात ते फक्त ‘डॉक्टरविना मृत्यू’ म्हणून.

दुसरी समजूत अशी की तिथे गेलं की चिरफाड ठरलेलीच. तसं नाही. अमेरिकेत होणाऱ्या दर शंभर मृत्यूंमागे दहा जणांचंही शवविच्छेदन होत नाही. कार्यालयाकडे आलेल्या कित्येक प्रकरणांचा निकाल जुनी वैद्यकीय कागदपत्रं पाहून, बाह्य तपासणी करून आणि फार तर रक्ताचा नमुना घेऊन लागतो. मात्र शवविच्छेदन करायचं ठरलं, तर त्याला नातलगांची परवानगी लागत नाही. तो अधिकार कायद्याने दिलेला आहे. खर्चही कुटुंबावर पडत नाही.

हा निर्णय ज्या माहितीवर होतो ती गोळा करणारा माणूस टीव्हीवरच्या गुन्हेमालिकांत जवळजवळ दिसतच नाही. त्याला मृत्यू-तपासनीस म्हणू. तो बहुधा डॉक्टर नसतो. बरेच जण आधी नर्स किंवा ॲम्ब्युलन्सवरचे पॅरामेडिक असतात. घर पोलिसांच्या ताब्यात असलं तरी मृतदेह मेडिकल एक्झामिनरच्या ताब्यात असतो, त्यांच्या परवानगीशिवाय तो हलवता येत नाही. तपासनीस फोटो काढतो, खोलीतलं तापमान टिपतो, गोळ्यांच्या बाटल्या मोजतो. बाटलीवरच्या तारखेपासून रोज एक घेतली असती तर किती उरायला हव्या होत्या आणि किती उरल्यात? छाती-पोटावर रक्त साचल्याचे जांभळट डाग आहेत, पण माणूस उताणा सापडलाय. मग त्याला कोणी वळवलं का? (बहुतेक वेळा मुलानेच, छाती दाबून पाहायला.) आपल्याकडच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवरचं कंपनीचं नाव त्याला कळत नाही, पण खाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव कळतं. बाबांच्या बॅगेत पुण्याच्या डॉक्टरांची फाइल असेल, तर अर्धं काम तिथेच होतं.

आता शॉमबर्गहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरच्या नेपरव्हिलला चला. भारतीय वस्ती तशीच, वाण्याची दुकानं तशीच, पण काउंटी बदलली की पद्धतच बदलते. शिकागो जिच्यात आहे त्या कुक काउंटीत मेडिकल एक्झामिनर असतो: नेमलेला, न्यायवैद्यकशास्त्रात प्रशिक्षित डॉक्टर. शेजारच्या ड्युपेज काउंटीत कोरोनर असतो, आणि तो चक्क निवडणुकीत, पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. त्याने डॉक्टर असणं सक्तीचं नाही. शवविच्छेदनासाठी तो डॉक्टर नेमतो, पण अंतिम शब्द त्याचा. कोरोनर आणि मेडिकल एक्झामिनर म्हणजे एकाच पदाची दोन नावं, हा गैरसमज खुद्द अमेरिकनांतही भरपूर आहे.

कोरोनर हे पद इंग्लंडच्या राजाने ११९४ मध्ये आणलं ते मुख्यतः आपला महसूल राखायला. अमेरिकेला ते वसाहतीच्या काळात मिळालं आणि मुंबईलाही इंग्रजांकडूनच. १८७१च्या कायद्याखाली चालणारं मुंबईचं कोरोनर कोर्ट १९९९पर्यंत होतं, हे आज फार जणांच्या लक्षात नाही. आता आपल्याकडे सगळीकडे पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा करतात आणि प्रेत सरकारी डॉक्टरकडे पाठवतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४खाली होई, आता नव्या संहितेच्या कलम १९४खाली. डॉक्टरने काय तपासायचं याची सुरुवात पोलीस करून देतात. मेडिकल एक्झामिनरच्या पद्धतीत हे उलटं आहे. मृत्यूची चौकशी डॉक्टरची, पोलिसांचा गुन्ह्याचा तपास त्याला समांतर.

मॅसॅच्युसेट्सने १८७७ मध्ये कोरोनर काढून डॉक्टर नेमले. न्यूयॉर्क शहरात १९१८ मध्ये चार्ल्स नॉरिस पहिले मुख्य मेडिकल एक्झामिनर झाले आणि अलेक्झांडर गेटलर यांच्याबरोबर त्यांनी विषशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. कुक काउंटीच्या मतदारांनी १९७२ मध्ये कोरोनरविरुद्ध कौल दिला आणि १९७६ मध्ये रॉबर्ट स्टाइन तिथले पहिले मेडिकल एक्झामिनर झाले. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने कोरोनर पद्धत बंद करावी अशीच शिफारस केली. तरी ती टिकून आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्यांत तर शेरीफच कोरोनर असतो. म्हणजे कोठडीतल्या मृत्यूचं वर्गीकरण कोठडीच्या मालकाकडे. सॅन व्होकिन काउंटीत २०१७ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी शेरीफ आपल्या निष्कर्षांत ढवळाढवळ करतात असा आरोप करून राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्या काउंटीने मेडिकल एक्झामिनर नेमायचं ठरवलं. अमेरिकन फुटबॉल खेळाडूंच्या मेंदूला बसणाऱ्या माराचा आजार २००२ मध्ये पिट्सबर्गच्या शवागारात ओळखणारे हेच ओमालू.

मालिकांवर खापर कुठवर फोडायचं? पण ‘मृत्यू रात्री नऊ ते साडेनऊच्या दरम्यान’ हे वाक्य त्यांनीच घरोघरी पोचवलंय. शरीर थंड होतं, काही तासांत ताठरतं, दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं. पण खोलीचं तापमान, अंगावरचे कपडे, ताप, लठ्ठपणा अशा सगळ्यांनी हे घड्याळ मागेपुढे होतं. प्रामाणिक उत्तर कित्येक तासांच्या पट्ट्यात असतं. तो पट्टा अरुंद करतात त्या साध्या गोष्टी: न उघडलेलं टपाल, शेवटचा मेसेज, फ्रिजमधल्या दुधाची तारीख. शवविच्छेदनाला दोन-चार तास लागतात, पण विषशास्त्राच्या अहवालाला कित्येक आठवडे. तोवर दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘प्रलंबित’ लिहिलेलं असतं. काहीतरी लपवताहेत असा त्याचा अर्थ नसतो. एका डॉक्टरने वर्षाला २५०पेक्षा जास्त शवविच्छेदनं करू नयेत अशी त्यांच्या व्यावसायिक संघटनेची मर्यादा आहे. ३२५च्या पुढे गेलं तर कार्यालयाची मान्यता धोक्यात येते. साऱ्या देशात हे काम पूर्णवेळ करणारे डॉक्टर हजारसुद्धा नाहीत. उशीर तिथून येतो.

सगळ्यात मोठा घोळ दाखल्यावरच्या दोन रकान्यांचा. एक रकाना कारणाचा, म्हणजे कोणता आजार, कोणती इजा. दुसरा प्रकाराचा, आणि त्यात बहुतेक ठिकाणी पाचच पर्याय: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, अनिर्णित. ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे आपल्या दाखल्यांवरचं लाडकं वाक्य इथे चालत नाही. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. का पडलं ते सांगा.

‘दुसऱ्याच्या हातून’ या चौथ्या पर्यायाची बातमी खून म्हणून छापली जाते. पण त्या रकान्याला दोष, हेतू, कायदा यांतलं काही ठाऊक नसतं. स्वसंरक्षणात झाडलेली गोळी तिथेच जाते, पोलिसांची गोळीही. मृत्युदंड अमलात आणलेल्या कैद्याच्या दाखल्यावरही बऱ्याचदा हाच प्रकार लिहितात, कारण त्याचा जीव दुसऱ्याच्या कृतीने गेला. उलट दारू पिऊन गाडीखाली चिरडणारा तुरुंगात गेला तरी मृताच्या दाखल्यावर सहसा ‘अपघात’ असतं. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर मिनेसोटातल्या हेनेपिन काउंटीचे मेडिकल एक्झामिनर अँड्र्यू बेकर यांनी पोलिसांनी दाबून धरल्याने आणि मानेवरच्या दाबाने हृदय-श्वसन थांबल्याचं नोंदवून प्रकार ‘दुसऱ्याच्या हातून’ ठरवला, आणि हा दोषारोप नाही हेही त्याच निवेदनात लिहिलं. दोष ठरवला तो पुढच्या वर्षी ज्युरीने.

या कार्यालयाला गुन्ह्यांचं दुकान समजलं की त्याचं निम्मं काम नजरेआड होतं. सप्टेंबर १९८२च्या शेवटी शिकागोच्या आसपास काही तासांत धडधाकट माणसं कोसळू लागली. एकाच घरातले तिघे गेले. आर्लिंग्टन हाइट्सच्या परिचारिका हेलन जेन्सन त्या घरात गेल्या, टायलेनॉल या वेदनाशामक औषधाची नवी बाटली उचलली आणि कॅप्सूल मोजल्या. सहा कमी होत्या आणि मृत तीन. त्यांचं म्हणणं तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग कुक काउंटीचे उपप्रमुख मेडिकल एक्झामिनर एडमंड डॉनह्यू यांनी फोनवरून आपल्या तपासनीसाला, निक पिशोस यांना, बाटल्यांचा वास घ्यायला सांगितलं. कडू बदामाचा वास आला. सायनाइड. (हा वास सगळ्यांना येत नाही, ती क्षमता जन्मजात असते.) सात जण गेले, कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खुनाचा आरोप आजवर कुणावर सिद्ध झालेला नाही, पण औषधाच्या बाटलीच्या तोंडावरचं ते सीलबंद झाकण तिथून आलं.

तेच डॉनह्यू पुढे प्रमुख झाले आणि जुलै १९९५ मध्ये त्यांच्यासमोर गुन्हेगार नसलेलं संकट आलं: उष्णतेची लाट. १३ तारखेला पारा ४१ अंशांवर गेला. रात्रीही उकाडा हटेना. शवागार भरलं आणि बाहेर शीतपेटीचे ट्रक उभे करावे लागले. डॉनह्यू रोज उष्म्याच्या बळींचा आकडा जाहीर करत आणि महापौर रिचर्ड डेली जाहीरपणे त्यावर शंका घेत: म्हातारी माणसं आहेत, हृदयविकार आहेत, सगळं उन्हाच्या माथी का मारता? प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. उष्माघात शरीरात ठसा सोडतोच असं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर दिसतं ते जुनंच दुखणारं हृदय. विदर्भातल्या मे महिन्यात ‘संशयित उष्माघात’ अशी बातमी वाचणाऱ्याला ही अडचण नवी नाही. डॉनह्यूंनी निकष बांधून घेतले होते: मृत्यूसमयी शरीराचं तापमान १०५ अंश फॅरनहाइट किंवा वर, नाहीतर माणूस कोंडलेल्या, तापलेल्या खोलीत सापडल्याचा पुरावा, नाहीतर कुजलेल्या अवस्थेत सापडला असला तरी लाटेच्या काळात जिवंत दिसला होता. इथे पुन्हा तोच तपासनीस, तीच खोली, बंद खिडकी, बंद पंखा. नंतर साथरोगतज्ज्ञांनी त्या आठवड्यातले मृत्यू नेहमीच्या आठवड्याशी ताडून पाहिले, तर ७३९ जास्त निघाले. मेडिकल एक्झामिनरने आकडा फुगवलेला नव्हता, उलट त्याच्या नजरेतून काही सुटले होते. त्यातले कितीतरी जण एकटे राहणारे वृद्ध होते. मला विचाराल तर पोलीस आणि महापौर या दोघांच्याही खिशात नसलेला डॉक्टर कशाला हवा, याचं टायलेनॉलपेक्षा हे उदाहरण जास्त बोलकं आहे.

राहता राहिली घरच्यांची खरी भीती: अंत्यविधी अडतील, आणि देह बघवणार नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत देह फ्युनरल होमकडे सोपवतात. शवविच्छेदनाचे टाके कपड्यांखाली झाकले जातात, चेहऱ्याचं दर्शन घेता येतं. अंगठी, मंगळसूत्र, जानवं, अंगावरच्या प्रत्येक वस्तूची यादी होते. धार्मिक कारणाने शवविच्छेदनाला हरकत नोंदवता येते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तशी कायद्याची तरतूदच आहे, पण गुन्ह्याचा किंवा साथीचा संशय असेल तर ती टिकत नाही. हिंदू कुटुंबांना माहीत असावी अशी गोष्ट वेगळीच आहे. दफन केलेला देह पुन्हा उकरता येतो, दहन झाल्यावर पुरावा संपतो. म्हणून अनेक ठिकाणी, कुक काउंटीतही, दहनासाठी मेडिकल एक्झामिनरची स्वतंत्र परवानगी लागते, मग मृत्यू दवाखान्यात, शंभर टक्के नैसर्गिक झालेला का असेना. विस्कॉन्सिनमध्ये तर मृत्यूनंतर ४८ तास दहन करताच येत नाही. हे सोपस्कार फ्युनरल होमच पार पाडतं, पण ‘उद्या सकाळीच’ असं गावाला कळवण्याआधी त्यांना विचारून घ्यावं.

‘प्रलंबित’ दाखल्यावरही दहन होऊ शकतं. अंतिम कारण ठरलं की दाखल्यात दुरुस्ती होते आणि जवळच्या नातलगांना अहवालाची प्रत मागता येते. प्रवासी विम्याचा दावा मात्र बहुधा त्या दुरुस्त दाखल्यापर्यंत खोळंबतो. आधीच्या आजाराला विमा लागू नसेल तर कारणाच्या रकान्यात काय येतं यावरच सगळं ठरतं, आणि तिथे पुन्हा बॅगेतली ती पुण्याची फाइल पुढे येते. दावा मिळवून देईल किंवा घालवेलही.