प्रवेश-परीक्षेची तयारी : किती आणि कशासाठी?

शिरोली एमआयडीसीतील फौंड्रींना कच्चे लोखंड, भंगार, कोक आणि वाळू पुरविणाऱ्या, अथवा तेथे तयार झालेल्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या आपल्या समाजातील घरांत मूल तिसरी-चौथीत गेले की एक नवी चर्चा सुरू होते. नवोदयला बसवायचे का? शिष्यवृत्तीचा वर्ग कोठे लावायचा? पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची चाचणी द्यायची का? यावर घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असते, की हुशार मुलाला शिकवणी कशाला? आईवडील मात्र म्हणतात, की इतर मुले दोन-दोन वर्षे तयारी करीत असताना आपले मूल तसेच पाठविणे हा त्याच्यावर अन्याय होईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु दोघेही एक प्रश्न विचारायचे विसरतात. ती परीक्षा नेमके काय मोजते?

तीन परीक्षा, तीन हेतू

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा ही बहुतांशी अभ्यासक्रमाची परीक्षा आहे. पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रथम भाषा व गणित, दुसरीत इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येकी १५० गुण. येथे तयारी म्हणजे अभ्यासच होय. गणिताचा पाया पक्का झाला, वाचन वाढले, तर शिष्यवृत्ती मिळो वा न मिळो, केलेले श्रम वाया जात नाहीत. या तयारीला कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही.

दुसऱ्या टोकाला ज्ञान प्रबोधिनी आहे. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि बुद्धिमान मुलांसाठी १९६९ मध्ये प्रशाला सुरू झाली. तेथील प्रवेश बुद्धिमापनाच्या चाचण्यांवर ठरतो. शिकविलेले किती आठवते यापेक्षा, न शिकविलेल्या गोष्टीला मूल कसे भिडते हे अशा चाचणीला पाहायचे असते. नेमके तेच प्रश्न आधी घोटून घेतले, तर चाचणीचा हेतूच उरत नाही.

जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणी या दोहोंच्या मध्ये आहे. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात उघडलेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्याच राज्यात, अमरावतीला होते. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक जिल्ह्यात असे विद्यालय असावे असे ठरविले. कोल्हापूर जिल्ह्याचे विद्यालय कागलला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी दोन तासांत ८० प्रश्न व १०० गुणांची परीक्षा असते. त्यांपैकी ५० गुण मानसिक क्षमतेला, २५ अंकगणिताला आणि २५ भाषेला. जागा सुमारे ८०, आणि त्यांतील किमान ७५ टक्के ग्रामीण भागातील मुलांसाठी. शिवाय ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पालकांच्या मनावर ताण येतो तो यामुळेच.

टेस्ट बारचा दाखला

आपल्या व्यवसायातील एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. फौंड्रीत ज्या लॅडलमधील रसातून सुटे भाग ओतले जातात, त्याच रसातून एक टेस्ट बारही ओतला जातो. प्रयोगशाळेत तो ताणून तोडतात आणि त्याच्या बळावर सर्व मालाचा दाखला मिळतो. या टेस्ट बारच्या बाबतीत दोन प्रकारे चूक होऊ शकते. साचा नीट नसला, आत ब्लोहोल राहिले, तर धातू उत्तम असूनही बार लवकर तुटतो आणि चांगला माल नाकारला जातो. उलट, कोणी टेस्ट बारपुरता वेगळा, उंची धातू ओतला, तर दाखला सुरेख मिळेल. परंतु माल गिऱ्हाईकाच्या यंत्रात बसल्यावर तडकेल.

मुलांच्या परीक्षेतही या दोन्ही चुका घडतात. उत्तरपत्रिकेतील वर्तुळ कसे भरायचे, दोन तासांत वेळ कशी वाटून घ्यायची, आरशातील प्रतिमा किंवा घडी घालून छिद्र पाडलेला कागद हे प्रश्न कसे असतात, हे ज्याने कधी पाहिलेच नाही, ते मूल हुशार असूनही मागे पडते. त्याला याची ओळख करून देणे म्हणजे साचा नीट करणे. ते पालकांचे कर्तव्यच आहे. पण दोन-तीन वर्षे सकाळ-संध्याकाळ त्याच आकृत्या सोडवून घेऊन गुण चढविणे, हा टेस्ट बारपुरता वेगळा धातू ओतण्याचा प्रकार आहे. त्या गुणांवर प्रवेश मिळालेल्या मुलाला पुढची सात वर्षे त्या शाळेच्या गतीने चालावे लागते, तेव्हा हाताशी पाठ केलेल्या आकृत्या नसतात.

या प्रश्नाचा अनुभव इतरांनीही घेतला आहे. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेवर १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला. सरावाने गुण वाढतात. परंतु बरीचशी वाढ पहिल्या काही सरावांतच होते आणि नंतर ती मंदावते, असे त्यात दिसून आले. न्यूयॉर्क शहरात तर चार वर्षांच्या बालकांची चाचणी घेऊन त्यांना विशेष वर्गात घेतले जाई. त्या चाचणीसाठी शिकवण्यांचे पेव फुटले. २०१३ च्या प्रवेशांसाठी चाचणीचा एक भाग बदलण्यात आला आणि २०२१ मध्ये ती बंदच झाली. चाचणी फार घोटली गेली की ती काहीच सांगेनाशी होते.

प्रामाणिकपणाचा प्रश्न

ग्रामीण जागांसाठी तिसरी ते पाचवीचे शिक्षण ग्रामीण भागातील शाळेत झालेले असावे लागते. तेव्हा शहरात राहून, शहरात शिकवण्या लावून, नाव मात्र खेड्यातील शाळेच्या पटावर ठेवण्याचा मोह होऊ शकतो. व्यापारी घराने याकडे आपल्याच व्रताच्या दृष्टीने पाहावे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे देण्याचे माप एक आणि घेण्याचे माप दुसरे ठेवणे, स्पष्टपणे सांगितलेले आहे. दुकानातील वजनाला लावतो तो नियम मुलाच्या प्रवेश-अर्जालाही लागू आहे. एखाद्या शेतमजुराच्या मुलीची जागा आपण अशा मापाने घेतली, तर मुलाला आपण पहिला धडा कोणता दिला, याचा विचार व्हावा.

अर्ज भरण्यापूर्वी

नवोदय ही निवासी शाळा आहे. दहा-अकरा वर्षांचे मूल घर सोडून बारावीपर्यंत तेथे राहणार असते. नववीत काही विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील विद्यालयातही पाठवितात. रात्रिभोजन व कंदमूळ न घेणाऱ्या घरांनी तेथील भोजनाच्या वेळा व पदार्थ आधीच विचारून घ्यावेत. निकाल लागल्यावर घरात वाद सुरू होणे मुलाला फार जड जाते. पाठवायचेच नसेल, तर केवळ प्रतिष्ठेसाठी परीक्षेला बसवू नये.

तयारी ठरवायची असेल तर ती अशी ठरवावी. मागील वर्षांच्या काही प्रश्नपत्रिका घेऊन परीक्षेपूर्वी दोन-तीन महिने, आठवड्यातून दोन-तीन वेळा, घड्याळ लावून सोडवून घ्याव्यात. चुकलेल्या प्रश्नावर रागावू नये. मुलाने तसे उत्तर का दिले हे त्याच्याकडूनच ऐकावे. उरलेली तयारी घरात वर्षभर चालूच असते. अपूर्णांक आणि मापांचे रूपांतर सुटीच्या दिवशी दुकानाच्या गल्ल्याजवळ बसून जितके समजते, तितके वर्गातही क्वचितच समजते. भाषेच्या भागात उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात. त्यासाठी रोज अर्धा तास गोष्टीचे पुस्तक किंवा वर्तमानपत्र पुरे. झोप आणि खेळ मात्र कमी करू नयेत.

निकालानंतर

पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेत अधिक मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. धारवाडचे डॉ. कामत यांनी तिचेच मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. मुलाच्या भवितव्याचा निवाडा करणे हा त्या चाचणीचा हेतू नव्हता. जिल्ह्यात निवडल्या जाणाऱ्या सुमारे ८० मुलांत आपले मूल नसले, तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी त्या दोन तासांत ते त्या यादीत बसले नाही.

शिरोली ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे औपचारिक शिक्षण फार पुढे गेले नव्हते. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि बहुजनांच्या असंख्य मुलांना शाळेचे दार उघडून दिले. आपल्या समाजाला त्यांचा अभिमान आहे. तो अभिमान निकालाच्या दिवशी पालकांनी आठवावा. आणि यादीत नाव नसेल, तर त्या संध्याकाळी मुलाला नेहमीसारखे खेळायला पाठवून सर्वांनी सूर्यास्तापूर्वी एकत्र जेवायला बसावे.