डोक्यावरच्या उन्हातली शिल्पं

मे महिन्यात भर दुपारी फोर्टात शिल्पं बघायला निघालो, तर घरचे वेड्यातच काढतात. सकाळी लवकर जा, नाहीतर उन्हं उतरल्यावर जा, असा सगळ्यांचा सल्ला. तब्येतीसाठी तो बरोबर असेल; भिंतीवर कोरलेल्या शिल्पांसाठी नाही.

मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून 15 मेच्या आसपास सूर्य इथे नेमका माथ्यावर येतो. तोही बाराच्या ठोक्याला नाही. भारताची प्रमाणवेळ मुंबईच्या बरीच पूर्वेला असलेल्या रेखांशावरून ठरते, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह होते दुपारी 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमाराला. हा शून्य सावलीचा दिवस. सिग्नलच्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच जिरते. उभ्या भिंतीवर मात्र नेमकं उलट घडतं. ऊन भिंतीला घासत खाली येतं आणि तिच्यावरचा बारीकसा उंचवटाही लांबलचक सावली टाकतो.

याचा हिशोब सोपा आहे. सूर्य भिंतीच्या समोर, क्षितिजापासून 45 अंशांवर असेल तर भिंतीपासून दोन सेंटिमीटर पुढे आलेल्या कडेची सावली दोनच सेंटिमीटर खाली उतरते. तोच सूर्य 80 अंशांवर चढला की सावली अकरा सेंटिमीटरच्या पुढे जाते. मूळच्या उंचवट्याच्या साडेपाचपटीहून जास्त! उथळ कोरीवकामाला याहून चांगला दिवा मिळणार नाही.

हे बघायला महात्मा गांधी रस्त्यावरची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत उत्तम. इमारत 1936 सालची, मास्टर, साठे आणि भुता या वास्तुरचनाकारांची. तिच्यावरची शिल्पं एन. जी. पानसरे यांची. शेतकरी, कुंभार, सूत काढणाऱ्या बाया अशी कष्टाची माणसं विम्याच्या कचेरीच्या भिंतीवर मोठ्या आकारात उभी आहेत. उजेड समोरून असला की ती चित्रासारखी सपाट वाटतात. आकृती कळते, वजन कळत नाही. मध्यान्हीच्या मागेपुढे समोरच्या फूटपाथवर उभं राहून बघावं. भुवईखाली काळी रेघ उमटते, मग हनुवटीखाली, मग वस्त्राच्या एकेका चुणीखाली. दंडाचा स्नायू फुगतो. काही मिनिटांत भिंतीवरची माणसं भिंतीतून अर्धी बाहेर आलेली असतात.

उठावशिल्प करणाऱ्याचं खरं कसब इथे दिसतं. त्याच्या हाताशी खोली फार थोडी असते. मग कुठली कड धारदार ठेवायची, कुठली पृष्ठभागात विरवून टाकायची, कुठे कडेच्या खालून छिन्नी आत घालून पोकळी करायची, हे त्याला ठरवावं लागतं. खालून पोखरलेली कड गडद सावली टाकते. उतरती कड मऊ. म्हणजे तो कोरतो दगड, पण आखत असतो काळोख.

तिथून चालत हुतात्मा चौकात यावं. फ्लोरा फाउंटन 1864 सालचं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडातलं. टोकावर फ्लोरा देवी उभी आहे. या उन्हात तिची पार दैना होते. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली ओठांवर, गळा नाहीसा. चहूबाजूंनी मोकळ्या मूर्तीला तिरपा उजेड लागतो. लंडनला सूर्य वर्षभरात कधीच 62 अंशांच्या वर चढत नाही. इथल्या मे महिन्याची कल्पना तिकडच्या दगडाला कुठून असणार? तिला भेटायला संध्याकाळीच यावं.

आता सावली हवीच. दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या खालून कमानींचे ओटे सलग गेले आहेत, पण आपली वाट काळ्या घोड्याची. 1952 साली सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फूटपाथवर चित्रकार बसलेले असतात. उकाड्याने गिऱ्हाईक कमी, त्यामुळे एकाचं काम निवांत बघता आलं. व्यक्तिचित्र काढायचं होतं. त्याने आधी कागद नाही, खुर्ची सरकवली. झाडाची सावली संपते तिथे, रस्त्याचा उजेड एकाच गालावर येईल अशी. “ताई, मान जरा डावीकडे. बास.” मग डोळे किलकिले करून बघत राहिला. तसं बघितलं की बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. मनगटाखाली कोरा कागद, कारण घामाचा डाग पडला की त्यावर चारकोल नीट धरत नाही. पहिला हात डोळ्यांना लागला नाही, नाकाखालच्या सावलीला लागला. मग खालच्या ओठाखाली, मग हनुवटीखाली. बोटाने थोडं पुसून कड मऊ केली, कानशिलाजवळ मात्र तशीच धारदार ठेवली. पानसऱ्यांच्या भिंतीवर छिन्नीने घेतलेले निर्णय इथे कोळशाने घेतले जात होते. फरक एवढाच, की या चित्रकाराला सूर्याची वाट बघावी लागत नाही. तो माणसालाच फिरवून बसवतो.

आत गॅलरीत शिरल्यावर पंख्यापेक्षा आधी दिव्यांकडे लक्ष गेलं. चित्रावर चकाकी येऊ नये आणि चौकटीची सावलीही पडू नये, म्हणून दिवे साधारण 30 अंश तिरपे लावायची रीत आहे. वर्षभर तोच उजेड, तोच कोन.

बाहेरच्या भिंतींचं तसं नाही. 15 मेनंतर मध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या किंचित उत्तरेला सरकतो, आणि एरवी दुपारच्या उन्हाला पारख्या असणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींवरही ते घासून उतरतं. हा योग जुलैअखेरपर्यंत असतो. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पावसाचे ढग येतात आणि सगळा उजेड सारखा पसरट होतो. हाती राहतात जेमतेम तीन-चार आठवडे. तेव्हा टोपी घ्या, पाणी घ्या, साडेबाराच्या आधी एम. जी. रोड गाठा. जेवण दीड वाजता घेतलं तरी चालतं.