पितळी कडेतली ठिणगी

माझ्या टेबलावर एक रिकामी पुंगळी आहे. जेमतेम सोळा मिलिमीटर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक. एका टोकाला तोंड उघडं, दुसऱ्या टोकाला बुडाभोवती किंचित बाहेर आलेली कड. त्या कडेवर एका जागी नखाने दाबल्यासारखा चपटा ठसा आहे. बुडाच्या मधोमध काहीच झालेलं नाही, तिथलं पितळ कोरं आहे. जे काही घडलं ते या कडेवर. लिव्हरने चालणारी .22 रायफल समजून घ्यायची तर मी या ठशापासूनच सुरुवात करतो. रायफल हातात देण्याआधी नव्या माणसाच्या तळहातावर अशी एक पुंगळी ठेवतो.

जुन्या तोफा उडवताना तोफेच्या कानात रंजक घालून बत्ती देत. आत मुख्य दारू ठासलेली असे, पण ती पेटवायला आधी रंजकाची ठिणगी लागे. काडतुसातही काम तेच आहे, फक्त रंजक आतच असतं. आजच्या बहुतेक मोठ्या काडतुसांत ते बुडाच्या मधल्या छोट्या टोपीत असतं. .22मध्ये अशी टोपी नाही. तिची कड आतून पोकळ असते. ओल्या रंजकाचा थेंब पुंगळीत टाकून ती गरगर फिरवतात, म्हणजे तो बाहेर फेकला जाऊन कडेच्या पोकळीत बसतो. मग दारू, मग शिशाची गोळी. चाप ओढला की घोडा फायरिंग पिनवर आदळतो, पिन कडेवर बसते आणि तिला चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या खोबणीच्या, काठावर चेचते. ऐरण आणि हातोड्याच्या मध्ये सापडलेलं रंजक पेटतं. म्हणून या काडतुसाचं नाव रिमफायर.

या रचनेची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्या कडेतच आहेत. पिनेने चेचली जायची तर कड पातळच हवी, आणि पातळ कड फार मोठा दाब सोसत नाही. एकोणिसाव्या शतकात मोठी रिमफायर काडतुसं होती, पण बंदुकांना जास्त जोर हवा झाला तशी ती मागे पडली. लहान .22 मात्र टिकली. स्मिथ अँड वेसनने 1857 मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी .22 शॉर्ट आणली आणि 1887 मध्ये स्टीव्हन्स कंपनीने .22 लाँग रायफल. आजही दुकानात .22 मागितली की हीच मिळते.

लिव्हरची गोष्टही रिमफायरपासूनच सुरू होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. बेंजामिन टायलर हेन्रीने 1860 मध्ये पेटंट घेतलेली रायफल .44 रिमफायर काडतुसाची होती. नळीखालच्या मॅगझिनमध्ये सोळा काडतुसं मावत. तो जमाना तोंडाकडून दारू ठासून एकेक बार काढण्याचा होता, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात ही रायफल काही सैनिकांनी पदरच्या पैशाने घेतली. तिच्यामागचा धनी ऑलिव्हर विंचेस्टर. पुढे त्याच्या कंपनीने आपल्या रिमफायर काडतुसांच्या बुडावर हेन्रीच्या आठवणीसाठी ‘एच’ हे अक्षर उठवलं. .22मध्ये लिव्हर रायफल रुळवली ती मार्लिनने, 1891च्या मॉडेलपासून. त्याच घराण्यातली 39ए ही रायफल 1939 मध्ये आली. विंचेस्टरची 9422 ही 1972 ते 2005 एवढी वर्षं निघत होती. आज नवी घेणाऱ्याच्या हाती बहुधा हेन्री रिपीटिंग आर्म्सची साधी एच001 पडते. या कंपनीचा त्या जुन्या हेन्रीशी नावापलीकडे संबंध नाही, पण रायफल चांगली आहे. माझ्याकडे हीच आहे. वजन अडीच किलोच्या आतबाहेर, मॅगझिनमध्ये पंधरा लाँग रायफल काडतुसं.

आता ती चालते कशी ते पाहू. लिव्हर म्हणजे चापाभोवतीचं कडं आणि त्याची मागे गेलेली मूठ. बोटं कड्यात घालून ती खाली-पुढे ढकलली की आतला बोल्ट मागे सरकतो. बोल्टच्या तोंडाशी नखासारखा आकडा असतो. तो रिकाम्या पुंगळीच्या कडेला धरून तिला चेंबरमधून ओढतो. म्हणजे जी कड ठिणगी देते, तीच बाहेर काढायची मूठही होते. पुंगळी मागे येता येता एका टोकाला अडते आणि बाजूला उडते. मागे जाणारा बोल्ट घोड्यालाही दाबून उभा करतो. लिव्हर अगदी शेवटापर्यंत गेली की एक छोटी पट्टी पुढचं काडतूस चेंबरच्या पातळीवर उचलते. लिव्हर परत आणली की बोल्ट ते काडतूस आत ढकलतो आणि जागेवर बसतो. दोन हालचाली, चार कामं. टोपण उघडून बघता आलं तर सगळं डोळ्यांनी दिसतं, आणि मला या रायफलीचं प्रेम आहे ते त्यासाठी. प्रत्येक बारामागे माणसाच्या हाताचं पूर्ण काम असतं.

‘शेवटापर्यंत’ या शब्दावर थांबतो, कारण नव्या माणसाची अडचण शंभरात नव्याण्णव वेळा तिथेच असते. नाजूक यंत्र आहे, हळू वागवावं, असं वाटून तो लिव्हर पाऊण वाटेतून परत आणतो. मग पुंगळी अर्धी बाहेर अडकते, किंवा पट्टी काडतूस पुरतं उचलत नाही आणि गोळीचं मऊ शिसं चेंबरच्या काठावर घासून वाकडं होतं. मीही सुरुवातीचे दोन शनिवार हेच करत होतो आणि दोष रायफलीला देत होतो. रेंजवरच्या एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून एकदा लिव्हर चालवून दाखवली. ठाम, सरळ, पुढे खट् आणि मागे खट्. त्यानंतर अडकलेली मला आठवत नाही.

काडतुसं भरायची तर रायफलीचा दस्ता जमिनीवर टेकवून तोंड वर आणि स्वतःपासून दूर करायचं. नळीखाली दुसरी नळी आहे, तिच्या टोकाची गुंडी फिरवून आतली स्प्रिंगवाली पितळी नळी वर ओढायची. बाहेरच्या नळीत काडतुसाच्याच आकाराची एक खाच दिसते. तिच्यातून एकेक काडतूस बूड खाली ठेवून सोडायचं. ती घरंगळत जातात तेव्हा बारीक किणकिण येते आणि भरत आली की आवाज आखूड होत जातो. मग पितळी नळी खाली दाबून गुंडी फिरवायची. हे करताना आपला चेहरा किंवा हात रायफलीच्या तोंडासमोर येत नाही ना, यावर लक्ष हवं. नळीत काडतुसं एकामागे एक असतात, म्हणजे एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडाला टेकतं. मधे टोपी असलेल्या काडतुसांना टोकदार गोळी असेल तर ही मांडणी धोक्याची ठरते. .22ला ती चालते, कारण तिच्या बुडाच्या मध्यात पेटण्यासारखं काही नाही.

रिकामी करणं मात्र भरण्यापेक्षा जास्त जपून करायचं काम आहे. पितळी नळी पूर्ण काढून मॅगझिनमधली काडतुसं ओतली की रायफल रिकामी झाली असं वाटतं. ती झालेली नसते. एक काडतूस चेंबरमध्ये आणि एक उचलणाऱ्या पट्टीवर राहू शकतं. एकदा नळी ओतून झाल्यावर मी सवयीने लिव्हर ओढली आणि एक जिवंत काडतूस बाकावर येऊन पडलं. तोंड मातीच्या बंधाऱ्याकडे होतं आणि बोट चापापासून लांब होतं, म्हणून काही बिघडलं नाही. तेव्हापासून मी लिव्हर चार-पाच वेळा पूर्ण चालवतो, मग बोल्ट उघडा ठेवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघतो आणि करंगळीने चाचपतो. भरलेल्या चेंबरवर उभा घोडा अंगठ्याने हळूच खाली घेता येतो, पण अंगठा घामट असेल तर तो निसटू शकतो. मी तसं करत नाही. बार काढायचा नसेल तर चेंबर रिकामं ठेवतो.

नेम साधा आहे. मागच्या खाचेत पुढची माशी बसवायची, दोन्हींच्या कडा सारख्या ठेवायच्या आणि नजर माशीवर स्थिर करायची. लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. श्वास अर्धा सोडून चाप दाबायचा, ओढायचा नाही. धक्का इतका कमी की खांद्याला कळतही नाही. म्हणूनच बार होण्याआधी डोळे मिटण्याची खोड इथे लवकर सुटते.

गोळीचं वजन सुमारे अडीच ग्रॅम आणि वेग सेकंदाला 320 ते 380 मीटर. आवाजाचा वेग 340च्या आसपास, म्हणजे ही गोळी त्या उंबरठ्यावरच धावते. मंद काडतुसाचा नुसता ठप्प आवाज येतो, तर वेगवान काडतुसाच्या गोळीमागे हवेत चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो. मी 50 यार्डांवर नेम जुळवला आहे. त्याच नेमाने 100 यार्डांवर मारली तर गोळी साधारण सहा इंच खाली लागते. आडव्या वाऱ्यात तर वेगवान गोळीच मंद गोळीपेक्षा जास्त ढळते, कारण आवाजाचा वेग ओलांडताना हवा तिला जास्त अडवते आणि ती झपाट्याने मंदावते. लक्ष्यावर गोळ्यांचा घोळका छोटा हवा असेल तर मी मंद काडतूस घेतो.

स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य पदक मिळवलं, तेव्हा त्याच्या रायफलीत हेच .22 लाँग रायफल काडतूस होतं. त्याआधी 2010 मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत याच काडतुसावर 50 मीटर प्रोनची विश्वविजेती झाली. दोघंही कोल्हापूरकडचे. त्या स्पर्धेची रायफल बोल्टने एकेक काडतूस भरायची असते आणि लक्ष्याचं दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. माझी लिव्हर रायफल त्या अचूकतेची नाही. माझं समाधान 50 यार्डांवर थंड पेयाचा डबा उडवण्यात आहे.

या गोळीला ‘पोरखेळ’ समजणारे लोक भेटतात तेव्हा मला खरोखर राग येतो. काडतुसांच्या कित्येक डब्यांवर छापलेलं असतं की दीड मैलापर्यंत धोका आहे. म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. लक्ष्यामागे मातीचा बंधारा नसेल तर मी रायफल पेटीतून काढत नाही. पाण्यावर किंवा दगडावर तर मुळीच मारत नाही, कारण शिशाची गोळी तिथून उसळते. चाप ओढून बार झाला नाही तर तोंड बंधाऱ्याकडे ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मगच लिव्हर उघडायची. कडेत रंजक सगळीकडे सारखं पसरलेलं नसलं की असं होतं. बार झाला पण आवाज मुका वाटला, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिथे थांबायचं, रिकामी करून नळी तपासायची. दुसरा बार काढला तर नळी फाटू शकते.

इथे अमेरिकेत आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. विद्यार्थी किंवा एच-1बी व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राबरोबर रेंजवर जाऊन हातात घेणंही या बंदीत येऊ शकतं आणि त्याची किंमत व्हिसा गमावून मोजावी लागू शकते. मी स्वतः ग्रीन कार्ड मिळेपर्यंत थांबलो. मग दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि रायफल हातात आली. राज्याराज्यांचे नियम याहून वेगळे आणि कडक असू शकतात. भारतात अर्थातच 1959च्या शस्त्र कायद्याखालच्या परवान्याशिवाय हे शक्य नाही.

घरी आलं की साफसफाई. मार्लिन 39ए सोडवायला एका नाण्याने एकच स्क्रू फिरवावा लागतो, दोन भाग होतात आणि नळी मागच्या बाजूने पुसता येते. एच001मध्ये मी दोरीसारखा ब्रश चेंबरकडून घालून तोंडाकडून ओढून घेतो. नळीचे आटे सोळा इंचांत एक फेरा घेतात, ब्रश ओढताना तो वळसा हाताला जाणवतो. .22ला काजळी फार. ती आकड्याच्या नखाखाली साचली की पुंगळ्या निसटायला लागतात, म्हणून मी तिथे टूथब्रश फिरवतो. रिकाम्या चेंबरवर चाप ओढून बघत नाही, काही रायफलींत पिन चेंबरच्या काठावर बसून तिथे खाच पडते.

शेवटी तेलाचा हलका हात, रायफल कुलपाच्या कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि जेवायला बसण्याआधी साबणाने हात कोपरापर्यंत स्वच्छ, कारण गोळी शिशाची आहे आणि कडेतल्या रंजकातही शिसं असतं.