परसातील रास्पबेरी आणि छाटणीचा विवेक

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरामागील बागेत पुष्कळदा रास्पबेरीची झुडपे आढळतात. बहुबीज म्हणून ज्यांना हे फळ वर्ज्य आहे, त्यांचा प्रश्न तेथेच मिटतो. इतरांपुढे प्रश्न उभा राहतो तो अळीचा.

रास्पबेरीचा भुंगेरा उन्हाळ्याच्या आरंभी फुलांवर अंडी घालतो आणि त्याची अळी फळात वाढते. शरदात फळणारे वाण उशिरा फुलत असल्यामुळे या उपद्रवातून बहुतांशी सुटतात. केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथे सिद्ध झालेला ‘ऑटम ब्लिस’ हा त्यांपैकीच एक. श्रावकाच्या घरी असेच वाण असावे, हे उचित.

छाटणीचे गणित मात्र वाणागणिक बदलते. उन्हाळी वाणाची छडी पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. म्हणून फळे संपताच तीच तेवढी जमिनीलगत कापावी व नव्या छड्या तारेला बांधाव्यात. शरदी वाणाच्या मात्र सर्वच छड्या फेब्रुवारीत, नवे कोंब येण्यापूर्वी, जमिनीलगत कापतात. येथे कोवळ्या मनाचा हात अडखळतो, कारण छडीचा शेंडा वाळलेला असला तरी बुंधा जिवंत असतो. वनस्पतिकायाची ही आरंभी हिंसा आहेच. परंतु दयेपोटी राखलेली तीच छडी पुढील उन्हाळ्यात, नेमकी भुंगेऱ्याच्या हंगामात फळते आणि एकेंद्रिय वाचविताना त्रस जीवांचा घात पदरी पडतो. वाण न ओळखता कात्री चालविली, तर उन्हाळी झुडूप त्या वर्षी फळच देत नाही, हेही ध्यानात असावे.

स्थलांतर नोव्हेंबर ते मार्च या काळात, झाड सुप्त असताना करावे; जमीन गोठलेली वा चिखलाची नसावी. निरोगी झाडाचाच फुटवा मुळांसह घ्यावा, कारण रोगट झाडाचा विषाणू फुटव्यासोबत येतो. खणताना गांडुळे जपावीत. सुमारे ४५ सेंटिमीटर अंतरावर, फार खोल न जाता लावून छडी २५ ते ३० सेंटिमीटर उंचीवर कापावी. पाणी साचणाऱ्या जागी मुळे कुजतात.

फळे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत येतात. पर्युषणात हिरवे वर्ज्य करणाऱ्यांची त्यातील काही फळे तेवढी चुकतील! अलीकडे तेथे पक्व फळात अंडी घालणारी फळमाशीही आली आहे. म्हणून फळ पिकताच तोडावे. देठ मागे राहून आत जी पोकळी दिसते, ती उजेडात नीट पाहूनच फळ ताटात घ्यावे.