उभ्याने राबणाऱ्यांचे दुखणे : पायावरच्या फुगलेल्या शिरा

श्रीरामपूरच्या मार्केट यार्डात पोती वाहणारे हमाल, कापड दुकानात दिवसभर गिऱ्हाईक सांभाळणारी मुले, साखर कारखान्यात पाळीवर उभे असणारे कामगार, खानावळीत ओट्यापाशी पोळ्या लाटणाऱ्या आपल्या भगिनी. यांच्या पायांकडे कधी नीट पाहिले आहे काय? कित्येकांच्या पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या, गाठाळलेल्या शिरा दिसतील. डॉक्टर या दुखण्याला 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात.

आमच्या वस्तीतल्या एक मावशी वीस वर्षे खानावळीत पोळ्या लाटतात. दुसऱ्या बाळंतपणात त्यांच्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या. "कष्टाचे पाय, असेच असायचे," म्हणून त्यांनी ते साडीच्या काठाखाली झाकले. पुढे घोट्याजवळची कातडी काळवंडली, खाज सुटली, खाजवता खाजवता जखम झाली. हळद झाली, झाडपाला झाला, मेडिकलमधली मलमे झाली. जखम वर्षभर भरली नाही. रोजी बुडाली ती वेगळीच. हे दुखणे झाकण्याचे नाही, हेच आम्हाला या लेखातून सांगायचे आहे.

शिरा का फुगतात?

पायातले रक्त हृदयाकडे वर चढवावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू शिरांना दाबतात व रक्त वर ढकलतात. ते मागे उतरू नये म्हणून शिरांत लहान लहान झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातले पाणी मागे उतरते, तसेच झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते. शिरा ताणतात, फुगतात. एका जागी तासन्‌तास उभे राहिले तर पोटरीचा पंप चालतच नाही. म्हणून चालणाऱ्यापेक्षा खिळून उभे राहणाऱ्याला त्रास अधिक. आईवडिलांना हा विकार असणे, गरोदरपण, वाढते वय व वजन हीही कारणे आहेत. गरोदरपणी फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळदा कमी होतात.

सुरुवातीला काय करावे?

संध्याकाळी पाय जड होणे, घोटे सुजणे, रात्री पोटरीत वांब येणे ही पहिली लक्षणे. उभे काम असेल तर मधूनमधून टाचा उचला व टेका, चार पावले चाला. घरी आल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवून थोडा वेळ पडा. झोपताना खाटेच्या पायथ्याला विटा लावा. डॉक्टरांनी मापाचे घट्ट मोजे दिले तर सकाळी उठल्याबरोबर घाला. मात्र मधुमेही व तंबाखू-विडी ओढणाऱ्यांनी पायाचा रक्तपुरवठा तपासून घेतल्याशिवाय मोजे किंवा पट्टी आवळू नये. शिरांवर चऱ्या मारून 'खराब रक्त' काढण्याच्या नादी मुळीच लागू नका.

मोज्यांनी आराम पडतो, पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. त्यासाठी 'डॉपलर' सोनोग्राफी करून दोष कुठे आहे ते पाहतात. लहान शिरांत इंजेक्शन देऊन त्या बंद करतात. मोठी शीर पूर्वी शस्त्रक्रियेने बांधून काढत, आजही काढतात. आता लेसर किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेनेही ती आतून बंद करता येते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालू लागतो. ती शीर गेली तरी रक्त खोलातल्या चांगल्या शिरांतून वर जाते, तेव्हा पाय अधू होईल ही भीती नको.

हे लक्षात ठेवा

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर रुग्णाला ताबडतोब आडवे करा, पाय उंच धरा, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबा आणि दवाखाना गाठा. एकच पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणभरही थांबू नका.

खर्चाला भिऊन घरी बसू नका. आधी सरकारी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पुढे नगरचे जिल्हा रुग्णालय किंवा लोणीचे प्रवरा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन 'आरोग्यमित्रा'ला भेटा. आपले ऑपरेशन योजनेत बसते काय ते विचारा.

आणखी एक गोष्ट हक्काची. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिले होते. २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही ही तरतूद आहे. दुकानांत बसायला जागा देण्याचा कायदा केरळने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली केला. कामात उसंत मिळाली की टेकायला बाकडे मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

मावशींच्या पायाला दर आठवड्याला दाबपट्टी बांधली, जखम भरत आली आणि मग शीर बंद केली. आता त्या कामावर जातात. ओट्यापाशी त्यांनी मालकाकडून एक स्टूल मागून घेतले आहे. त्यावर आता बाकीच्या बायकाही आळीपाळीने बसतात.