झडतीपासून तपासापर्यंत: महाराष्ट्रातील महिला पोलीस

पोलीस ठाण्यात स्त्रीची गरज आधी कायद्याने निर्माण केली. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, तिची लाज राखून घ्यायची, हा नियम जुना आहे. त्यामुळे महिला शिपायाचे काम बराच काळ ठरलेले होते: स्त्री आरोपीची झडती, तिच्यावर पहारा, कोर्टात ने-आण, आणि मोर्चा किंवा जत्रेचा बंदोबस्त. तपासाचे कागद मात्र पुरुष अधिकाऱ्याच्याच टेबलावर असत.

१९७२मध्ये किरण बेदी पहिल्या महिला अधिकारी म्हणून भारतीय पोलीस सेवेत दाखल झाल्या आणि १९७३मध्ये केरळात कोळीकोडला देशातले पहिले महिला पोलीस ठाणे सुरू झाले. महाराष्ट्रात संख्या खरी वाढली ती १९९४चे महिला धोरण आणि नोकऱ्यांतील ३० टक्के आरक्षणानंतर. तालुक्याच्या गावांतल्या मुली पहाटे मैदानावर ८०० मीटर धावण्याचा आणि ४ किलोच्या गोळाफेकीचा सराव करू लागल्या. शेतकरी-मजुरांच्या घरांत हा मोठाच बदल होता.

कामाचे स्वरूप पालटले ते पुढच्या कायद्यांमुळे. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पीडित बालकाचा जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, बालकाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. फौजदारी कायद्यातील २०१३च्या दुरुस्तीने लैंगिक अत्याचाराची पीडितेने दिलेली फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवणे बंधनकारक झाले. ही नुसती सोय नव्हे. फिर्याद लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे कोर्टात साक्षीला उभे राहावे लागते, बचाव पक्षाच्या उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. एक तारीख चुकली, एक वाक्य मोघम राहिले, तर खटला ढिला पडतो. पहाऱ्यावरची शिपाई आणि ही अधिकारी यांच्या जबाबदारीत म्हणूनच फार अंतर आहे.

ठाण्याची व्यवस्था या वेगाने बदललेली नाही. बारा तासांच्या ड्युटीऐवजी आठ तासांचा प्रयोग महिलांसाठी २०२१मध्ये सुरू झाला; सणासुदीला मात्र तास वाढतातच. रस्त्यावरच्या बंदोबस्तात स्वच्छतागृह नसणे ही तर रोजची, आणि अक्षम्य, अडचण आहे.

वरच्या पदांपर्यंत काही महिला पोहोचल्या. मीरां बोरवणकर पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या. २०२४मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. पोलीस दलात महिलांचे केंद्राने सुचवलेले ३३ टक्क्यांचे प्रमाण मात्र राज्याने अजून गाठलेले नाही. ते गाठताना भरतीच्या आकड्याबरोबर महिला अधिकाऱ्यांकडे किती गुन्ह्यांचा तपास सोपवला, हेही गृह विभागाने दरवर्षी जाहीर करावे.